परवानगी न मिळालेला मसुदा

आमचा दादा नियमाला इतका धरून चालतो, की कधीकधी वाटतं त्यालाच धरून गदागदा हलवावं. तांत्रिक नियम ठरवणाऱ्या कार्यालयात तो जुनं दफ्तर सांभाळतो. तिथे कुणीही नव्या नियमाचा मसुदा धाडावा. सहा महिन्यांत समितीने उचलला तर ठीक, नाहीतर त्याची मुदत संपली. पण हक्क लेखकाचाच राहतो, म्हणून त्याने लेखी परवानगी दिली तरच प्रत जपायची, नाहीतर यंत्रात घालून कापायची. बाकीचे कारकून असे गठ्ठे माळ्यावर टाकून मोकळे होत. दादा मात्र प्रत्येक लेखकाला पत्र लिही, महिनाभर वाट बघे आणि मगच कापी.

त्या ढिगात एक मसुदा त्याचा स्वतःचा निघाला. बंद पडलेल्या लिफ्टचं दार आतून हाताने कसं उघडावं, यावर त्याने तरुणपणी दोन वर्षं डोकं झिजवलं होतं. समितीने ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ‘परवानगी मागणारा मी आणि देणाराही मीच, बरं दिसतं का ते?’ असं म्हणून या शहाण्याने तो कापला. एकदा धाडला की तो कार्यालयाचा कागद, तो घरी आणायचा नाही, म्हणून घरीही प्रत नाही. अरे, पण तो तुझाच होता ना?

गेल्या महिन्यात नवा नियम छापून त्याच्याच टेबलावर आला. तीच कडी, तीच कळ, आणि नाव त्या वेळच्या समितीतल्या एका साहेबांचं. दादा जन्मात पहिल्यांदा तक्रार घेऊन गेला. चौकशीला बसलेल्या बाईंनी नोंदवही उघडली. मसुद्याचं शीर्षक होतं, दादाचं नाव होतं, पुढे त्याच्याच अक्षरात शेरा होता: ‘लेखकाची परवानगी नाही. नष्ट.’

“शीर्षकावरून काय कळणार?” बाई म्हणाल्या. “तेव्हा वाचलेलं कुणी असेल तर आणा.”

दादा तडक माझ्याकडे आला. “धाडण्याआधी तुला दिला होता वाचायला. आठवडाभर होता तुझ्याकडे. छान लिहिलंय म्हणालीस. तिसऱ्या पानावर कडी कशी होती, तेवढंच सांग त्यांना.”

मी एक पानही उघडलं नव्हतं.

“नवा नियम वाचते आणि सांगते की,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“असू दे,” तो म्हणाला. “तेव्हा तुझी मुलं लहान होती.” मग नवा नियम साहेबांच्या नावे नोंदवायचा राहिलाय म्हणून तो कामावर गेला.