थारोळ्याचा दगड

जळगावात मेहरूणच्या बाजूला मी घर बांधलं, तेव्हा घरापेक्षा बागेचं खूळ डोक्यात जास्त होतं. कचेरीतला कारकून मी, पण आखणी मात्र संस्थानिकाची. निळ्या पेन्सिलीने नकाशा काढला: फाटकापासून ओट्यापर्यंत शहाबादी फरशीची वाट, कडेला तिरप्या विटा, डाव्या हाताला हौद. आणि ओट्याच्या पायथ्याशी, पाय धुवायला, एक मोठा काळा दगड. धुळ्याला एका साहेबाच्या बंगल्यात तसा पाहिला होता, तेव्हापासून तो मनात भरला होता.

असा दगड आमच्या पाचोऱ्याकडच्या मळ्यात होता. विहिरीवर मोटेचं पाणी जिथे आदळायचं, त्या थारोळ्याच्या तळाशी. आजोबांच्या काळापासून पाणी झेलून त्याला गुळगुळीत खळगा पडलेला. मळा मोठा भाऊ बघायचा. त्याने त्याच वर्षी विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं होतं, मोट गोठ्यात टांगलेली होती. मी दगड मागितला. तो जरा वेळ दगडाकडे बघत राहिला, मग नेण्याची खूण करत म्हणाला, "लई जाय. आते इंजन शे ना."

त्या बघण्याचा अर्थ मला कळला होता. कळून न कळल्यासारखं केलं, हे खरं. कापसाच्या लॉरीत टाकून दगड आणला आणि गवंड्याकडून सिमेंटात पक्का बसवून घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात, केळीला घड लागलेले असताना, इंजिन मोडलं. सुटा भाग मुंबईहून यायला तीन आठवडे. भावाने मोट काढली, बैल जुंपले. पण मोट रिकामी झाली की पाण्याच्या माऱ्याने थारोळ्याची माती खचायची. फळ्या घातल्या, दुसरे दगड घातले, तेही उखडले. पाणी केळीपर्यंत जायच्या आधी विहिरीच्या काठाशीच मुरायचं. निम्मी केळी उभ्याने वाळली. मला साधा निरोपसुद्धा नाही. हे सगळं वहिनीने सांगितलं, तेही पावसाळा सरल्यावर.

दिवाळीत भाऊ आमच्याकडे आला. बायकोने पाण्याचा तांब्या दिला. तो त्याच दगडावर उभा राहून पाय धुऊ लागला आणि मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. त्याने मला चार शिव्या घालायला हव्या होत्या. माझ्या मनात वाक्य तयार होतं: भाऊ, उद्याच सिमेंट फोडतो आणि दगड पाठवून देतो. पण येणारा-जाणारा त्या दगडाचं कौतुक करायचा. सांगायला लाज वाटते, पण तेव्हाही मला तो दगड हवाच होता.

भाऊ वाकला. सवयीने बोटांनी खळग्यातला गाळ काढला आणि पाणी कुठे जातंय ते बघत राहिला. ते विटांच्या कडेकडेने थेट माझ्या मोगऱ्याच्या आळ्यात गेलं.

"उतार बेस दिधा रे," तो म्हणाला. "एक थेंब वाया जात नही."

मी म्हणालो, "भाऊ, आत चल. चहा झाला."