डोकं तपासणाऱ्या साहेबाची खुर्ची

शाळेतले किस्से कापसाच्या जिनातल्या रुईसारखे. आज झाडून काढा, उद्या पुन्हा तेवढेच! अकोल्याच्या जुन्या शहरात मुलींच्या शाळेत मी शिपाईबाई होते. झाडू, घंटा, पाणी सगळं माझ्याकडे. आता हसत सांगते, तेव्हा हसू येत नव्हतं.

*

पोरींचं मन तपासणारा साहेब येणार, असं कळलं. मायांनी घरोघरी बजावलं, "तोंड उघडू नको वं, मनातलं काढून घेते तो!"

साहेबानं सकाळभर विचारलं. एक पोरगी बोलेल तर शपथ! शेवटी तोच घाबरला. "बाई, इथं सगळ्याच मुक्या आहेत का?"

"तुमी फाटकाबाहेर जा साहेब, मंग ऐका कल्ला!"

*

खरी मुकी एकच, अंबी. मोर्णा नदीच्या पुरात धाकटा भाऊ गेला, तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. साहेब म्हणाला, "मंद नाही ती. भ्यायली आहे." कसाही वेळ काढून दर सोमवारी यायचा, तिच्यासमोर खुर्ची टाकून नुसता बसायचा. अकोला-अमरावती मिळून या कामाचा सर्टिफिकेटवाला तो एकटाच!

पोरीचे ओठ हलायला लागले, अन् त्याची बदली झाली.

*

जागा रिकामी. मग ड्रिलमास्तरला कुठलंसं ट्रेनिंग देऊन बसवलं. तो अंबीवर खेकसला, "नाव सांग!" पोरीनं उभ्या जागी लघवी केली.

"परीक्षेपर्यंत बोलली नाही तर पागलखान्यात धाडा म्हणून लिहून देतो!"

मी हेडमास्तरांकडे गेले. "टांगा हाकाले बिल्ला लागते, अन् लेकराच्या डोक्यात हात घालाले काईच नाही?"

"बिल्लेवाला माणूसच मिळत नाही, बाई. अंजनगावला तर हे काम पोस्टमास्तर करतो!"

"मंग तिथच्या पोरीले तिकीट लावून धाडते काय?"

*

अंबीची माय रोज तिला चुलीपुढे बसवायची. "एक शब्द बोल वं, नाही त नेतीन तुले!" पोरगी अजूनच आत आत गेली.

*

परीक्षेआधीच्या सोमवारी खोली झाडायला गेले, तर आतून बोलणं. फटीतून पाहिलं. रिकाम्या खुर्चीसमोर अंबी!

"म्या हात नोता सोडला, साहेब. पाण्यानंच नेला." थांबली. कोणाचं तरी ऐकून घ्यावं तशी मान हलवली. "परीक्षेले येसान ना?" पुन्हा थांबली. अन् हसली.

मी न झाडताच परतले.

परीक्षेच्या दिवशी ड्रिलमास्तर अंबीला तपासायला आला, धोतर सावरून त्याच खुर्चीवर टेकला.

अंबी किंचाळली, "उठा! साहेब बसून हायेत!"

ड्रिलमास्तर उठला.