काचेवरची चांदी

बत्तीजवळ पट्टी मीच सरकवली होती. एवढी गोष्ट मी दहा वर्षं पोटात ठेवली आणि एका माणसाला चोर ठरू दिलं.

दिवेआगरला आमच्या देवळात त्या वर्षीच्या उत्सवाला पहिल्यांदाच गॅसबत्ती आली. देवाच्या मुखावर उजेड पडावा म्हणून तिच्यामागे काचेची पट्टी उभी करून तिला चांदीचा वर्ख लावायचं ठरलं. गावची रीत अशी, की देवाची चांदी सोनाराच्या घरी जात नाही. सोनारानं सभामंडपात बसून काम करायचं आणि साक्षीदारानं समोर बसून त्याच्या बोटांवर नजर ठेवायची. मी शाळामास्तर, म्हणून साक्षीदार मी. देवाचा मुखवटा वर्षानुवर्षं उजळणारे सोनारकाका पट्टी माझ्या हाती देत म्हणाले, “मास्तर, बत्तीपासून वीतभर लांब ठेवा. वर्ख हाय, पत्रा न्हाय.”

दुसऱ्या संध्याकाळी मला उजेड कमी वाटला. मी पट्टी बत्तीच्या पेटत्या जाळीला, मेंटलला, जवळजवळ टेकवली आणि आणखी पंप मारला.

सकाळी चांदी गायब. काच किंचित दुधी दिसत होती, पण तिच्यातून पलीकडच्या पोफळी दिसत होत्या. खाली कण नाही, वितळल्याचा थेंब नाही. पहाटे मुखवटा पुसायला सोनारकाका तेवढे येऊन गेले होते. एवढ्याशा चांदीवर ज्याचा हात जातो, त्यानं मुखवट्यातली किती खरवडली असेल? हे मी देवळाच्या पंचांपाशी बोलून दाखवलं.

“सोनार आईच्या नथीतलं सोनंही खातो,” कुणीतरी म्हणालं.

“माझ्या आईला नथच न्हवती,” काका म्हणाले. “मास्तर, तुमी समोर होतात. पट्टी हलवली का कुणी?”

“नाही,” मी म्हणालो.

मुखवट्याचं काम तळे गावच्या सोनाराकडे गेलं. काका पुढे देवळाच्या पायरीवरूनच हात जोडायचे. त्यांच्या सुनेच्या पायात नवी जोडवी दिसली, तेव्हाही मी मनात म्हटलं, ही बघा देवाची चांदी. माझा संशय खरा असणं मलाच हवं होतं. पुरावा म्हणून ती पट्टी मी ट्रंकेत जपून ठेवली होती.

पुढे शाळेत विज्ञानाची खोली झाली. धातू तापल्यावर काय होतं हे दाखवायला मी दोन काचांवर वर्ख लावून शेगडीवर तापवला. एक काच उघडी ठेवली, दुसरी हवा लागू नये म्हणून डबीत कोळशाच्या भुकटीखाली पुरली. पुरलेली चकचकीत राहिली. उघडीवरची चांदी न वितळताच माझ्या डोळ्यांदेखत विरत गेली आणि काच दुधी झाली. घरी जाऊन ट्रंकेतली पट्टी आणली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. आच आणि हवा लागून सलग पापुद्रा फाटला होता, आणि चांदी अगदी बारीक कण होऊन काचेवर पसरली होती. सगळी तिथेच होती.

त्या वर्षीच्या उत्सवात, पंच बसले असताना, मी पट्टी घेऊन पायरीवर काकांपाशी गेलो. काकांना आता नीट दिसत नव्हतं. पट्टी त्यांच्या हातात देऊन मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, “काका, बत्तीजवळ पट्टी मी सरकवली होती, आणि पंचांना खोटं सांगितलं. चांदी कुठे गेलीच नव्हती. मी तुमचा अपराधी आहे. मला माफ करा.”