उलाळ घोडा

शालिकराम निनाव्यानं घरात ट्रक बांधला, तो आता दारातून निघत नाही, म्हणून पोळा झाला की भिंत पाडणार आहेत, अशी बातमी लकडगंजातून सुटली. आमच्या विणकरांच्या गल्लीपर्यंत येईतो तिला दहा चाकं लागली होती. कोणी म्हणे इंजिनही बसवलं. कोणी म्हणे आरटीओवाले पाहून गेले. पानठेल्यावरच्या बाबारावांनी तर पहाटे हॉर्न ऐकला होता, म्या सोता, म्हणून छातीवर हात ठेवून सांगत.

खरं एवढंच, की ट्रक सारा मिळून चार फूट दोन इंच लांब होता आणि लाकडाचा होता. दारातून तो आरामात निघाला असता. त्या दारातून आजवर जे निघालं नव्हतं ते वेगळंच होतं: शालिकरामच्या हातून पुरी झालेली वस्तू.

शालिकराम बावीस वर्षं हातमागावर बसला. पायाखाली दोन पावड्या, एक दाबली की दुसरी वर. पुढे माग परवडेना, विकला, आणि तो लकडगंजात ट्रकच्या बॉड्या बांधायच्या कारखान्यात सुतारकामाला लागला. माग गेला, पाय राहिले. जेवताना, न्हाव्याच्या खुर्चीत, मयतीला बसला तरी त्याचे पाय चालूच. डावा, उजवा, डावा, उजवा. एकदा त्याची बायको रुख्माबाई चारचौघांत म्हणाली होती, "अजी, मेलेल्या माणसाले तरी स्वस्थ पडू द्या."

हे लिहिणाऱ्याची सगळ्यात गाजलेली नक्कल तीच. ओट्यावर बसायचं, तोंड एकदम गंभीर, आणि कमरेखाली माग सुरू. गल्ली हसून लोळायची. एकदा खुद्द शालिकरामनं ती उभ्यानं पाहिली, भुवया आकसल्या आणि सांगितलं, की बाकी बरोबर आहे गा, पण डावा पाय जरा उशिरा पडते.

असा हा माणूस. दुसऱ्याच्या नकलेतही त्याला दुरुस्ती दिसायची, मग स्वतःच्या कामाचं काय सांगावं. पाट केला की त्याचा एक पाय काढून पुन्हा तासायचा. देव्हारा तीन वर्षं उघड्या छपराचा होता. आणि मागच्या तान्ह्या पोळ्याला तर त्यानं कमालच केली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत मैदानात नेतात, आपल्याकडे हा सण कोणाला सांगायला नको. नात शामला हिच्यासाठी त्यानं सागवानी बैल केला. दुपारी चार वाजता त्याला बैलाचा मागचा पाय आखूड वाटला. पाच वाजता बैलाला पायच नव्हते. शामला नवं परकर-पोलकं घालून, हातात नुसती दोरी घेऊन मैदानात उभी राहिली. पोरं विचारत, बैल कुठं गेला वं, चरायले? ती रडली नाही. घरी येऊन दोरी गुंडाळून खुंटीला टांगली, आणि ती वर्षभर तिथेच होती. शालिकराम रोज कामावरून येऊन त्याच खुंटीला सदरा अडकवायचा.

या वर्षी त्यानं कबूल केलं, की बैल नाही, ट्रेलर देतो. आणि पुरा देतो.

त्याच्या डोक्यात ट्रेलर शिरला तो कारखान्यासमोर. कोराडीच्या वीजघराची अवजड मशीन घेऊन एक भलामोठा ट्रेलर तीन दिवस तिथे थांबला होता. ट्रकच्या लाइनीवरले लोक ओढणाऱ्या तोंडाला घोडा म्हणतात आणि मागच्या लांब पाठीला ट्रेलर. शालिकरामनं फुटपट्टी नाही घेतली. सुताचा धागा काढला, चाकापासून चाकापर्यंत ताणला, गाठ मारली. असा अख्खा ट्रेलर त्यानं गाठींमध्ये खिशात घालून घरी आणला आणि फुटाला एक इंच केला.

फळ्या चहाच्या पेटीच्या. जाळी फुटक्या गाळणीची. टायर जुन्या सायकलच्या ट्यूबचे. चाकांसाठी त्यानं माळ्यावरून मागाचा रूळ उतरवला, ज्याच्यावर बावीस वर्षं कापड गुंडाळलं गेलं होतं. माग विकताना तेवढा त्यानं ठेवून घेतला होता. रूळ करवतीखाली धरला तेव्हा रुख्माबाई आत निघून गेली. अठरा चकत्या निघाल्या, कापडानं घासून घासून आरशासारख्या गुळगुळीत. मग सजावट: घोड्याच्या टपावर लाकडी हॉर्न आणि हिरव्या लुगड्याच्या काठाची झूल, आरशांना बांगडीच्या काचा, आणि मागच्या फळीवर झोकदार अक्षरात "कन्हान पूल, हळू".

दिसायला देखणा. चालायला मात्र नाही. ट्रेलरवर मशीन म्हणून अर्धी वीट ठेवली, की घोडा पुढची चाकं उचलून उभाच राहायचा. शालिकरामनं सगळं खोलून पुन्हा जोडलं. घोडा उभा. पुन्हा खोललं. कारखान्यातले बाबूलाल मिस्त्री पाहायला आले, पाहून खाटेवर बसले आणि हसू आवरेना तेव्हा म्हणाले, "शादी का घोडा बनाया क्या बे? नाच रहा."

शामला शाळेतून आली की वर्तमानपत्रावर खोलून ठेवलेले तुकडे मोजायची. किती झालं, कधी होईल, असं तिनं एकदाही विचारलं नाही. नुसता आकडा सांगायची.

"सतरा."

दुसऱ्या दिवशी, "एकवीस. काल सतरा होते."

आकडा ऐकला की शालिकरामचे पाय दुप्पट वेगानं सुटायचे.

पोळ्याला पाच दिवस उरले. रुख्माबाई सुपात तांदूळ निवडत होती. तिचं माहेर कुहीचं, धानाचं. लहानपण बैलगाडीत गेलेलं. घोडा पुन्हा उभा राहिला तशी ती सुपातून मान वर न करता बोलली.

"उलाळ झाली हे गाडी."

"काय झाली?"

"ओझं मागं गेलं का धुरा अस्मानात जाते न जी. बैलाच्या मानेवर थोडं ओझं पाहजेच, नाही तं बैल लटकते."

"हा घोडा आहे वं."

"घोडा असो का गध्धा असो, मान तं आहे न त्याले?"

शालिकरामनं वाकून पाहिलं. ट्रेलरची खुंटी ज्या थाळीत बसते ती थाळी त्यानं घोड्याच्या मागच्या आसाच्याही मागे लावली होती. गाठ मोजताना तिथेच चुकला होता. त्यानं थाळी दोन बोटं पुढे सरकवली, आसाच्या जरा अलीकडे. वीट ठेवली. घोड्यानं चारही पाय जमिनीवर टेकले. रुख्माबाईनं एक खडा वेचून बाहेर टाकला.

पण आता त्याला डावं दार तिरकं दिसू लागलं. मग पायदान. मग एक आरसा.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी शामलानं पाहिलं आणि बोट वर केलं. "एक."

शालिकराम खाटेवर बसून त्या एकाकडे बघत होता. खिशात पेचकस, पाय सुटलेले. हे लिहिणाऱ्याला राहवलं नाही. त्यानं पैज मारली, की काकाजी, मैदानात पोरांना बोजाऱ्याचा खाऊ वाटून होईपर्यंत तुम्ही याले खोलल्याशिवाय राहत नाही. खोलला तर शालिकरामनं ओट्यावर बसून गल्लीसमोर स्वतःची नक्कल करायची. नाही खोलला तर ही नक्कल कायमची बंद.

"कायमची?"

"कायमची, काकाजी."

मैदानात तोरणाखाली पन्नासेक लाकडी बैल लागले होते. मनोहरराव मास्तर नंबर द्यायला वही घेऊन एकेक बैल बघत आले आणि ट्रेलरपाशी थांबले. हा बैल नाही, म्हणाले, लाइनीवर तर याला घोडा म्हणतात. बैलाला शिंगं लागतात. शामलानं दोरी मुठीला आणखी एक वेढा दिला.

"गुरुजी, याले हॉर्न आहे. हॉर्न म्हंजे शिंगच न."

तिला इंग्रजी या वर्षीच लागलं होतं. मास्तर हसले, वहीत काहीतरी लिहिलं आणि ओढ म्हणाले.

ट्रेलर निघाला. तोरणाखालच्या वळणावर पाठ घोड्यामागे अशी फिरली, की बाया बघत राहिल्या. आणि तेवढ्यात मागचं उजवं चाक करकरलं. शालिकरामला ते पन्नास बैलांच्या गलबल्यात ऐकू आलं. चाक हलत होतं, खिळा बाहेर येऊ पाहत होता. त्याचा हात खिशात गेला. पेचकसाची मूठ खिशाबाहेर आली. शामलानं मागं वळून पाहिलं, चाकाकडे नाही, त्याच्या हाताकडे.

पेचकस खिशात गेला. चाक करकरत राहिलं, एक चक्कर, दीड चक्कर, दोन. बोजारा म्हणून मुलांना करंजी आणि पेन्सिल मिळाली. ट्रेलर अख्खाच परतला. शालिकराम मैदानाच्या कडेला दगडावर बसला होता, आणि हे लिहिणारा त्याच्या पायांकडे बघत होता, चांगला बराच वेळ. पाय हलत नव्हते. ना डावा, ना उजवा.

तेव्हापासून नक्कल बंद आहे. लोक अजून मागतात. लिहून दाखवायचं नाही, असं मात्र पैजेत ठरलं नव्हतं.