परातीतला चहा

आमच्या घरी महिन्याचा चहा रविवारी मिसळतात आणि त्या सकाळी स्वयंपाकघरात फोडणी पडत नाही. चहा कुठलाही वास ओढून घेतो, असं सासूबाईंचं म्हणणं. त्यामुळे नाश्त्याला दूध-पोळी. भुकटी उडते म्हणून पंखा बंद, आणि वर सोलापूरचा उन्हाळा. आठवडाभर शाळेच्या ऑफिसात मान मोडून बसलेल्या माझ्यासारखीचा रविवार हा असा जातो.

परातीत आधी दाणेदार चहा, मग रंगासाठी भुकटी, मग सावलीत वाळवलेला गवती चहा, वेलदोड्याची कुटलेली सालं, सुंठ आणि किंचित जायफळ. प्रमाण सगळं सासूबाईंच्या नाकात. चिमूटभर चहा तळहातावर घ्यायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडायची आणि हुंगायचा. जमला की डबे भरायचे. एक आमचा, एक कुर्डुवाडीला नणंदेकडे, एक पुण्याला दिरांकडे. अक्कलकोटकडच्या खेड्यातून लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना मराठी धड बोलता येत नव्हतं, या घरात मान मिळाला तो चहामुळं, असं त्या स्वतःच सांगतात.

मागच्या वर्षी त्यांना ताप आला. उतरला, पण जाताना नाकाची वास घ्यायची ताकद घेऊन गेला. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत, पण पुढच्याच खेपेला नणंदेचा मला हळूच फोन आला. चहाला काढ्याचा वास येतोय, आईला बोलू नको, तूच काहीतरी कर. दिरांनीही तेच सांगितलं. 'तूच काहीतरी कर' हे वाक्य या घरात माझ्याच नावावर आहे.

तेव्हापासून सासूबाई दुपारी जेवून आडव्या झाल्या की मी डबे उपसते, अर्धा चहा काढून त्यात साधा दाणेदार घालते, पुन्हा हलवते, पुन्हा भरते. काढलेला चहा कुंड्यांत जातो. संध्याकाळी पाय भरून येतात. कितीदा वाटतं, सांगून टाकावं एकदाचं. पण मग त्या फोनवर लेकीला विचारतात, चहा कसा झालाय, लेक म्हणते, नेहमीसारखा, आणि त्यांचा चेहरा असा खुलतो की मी गप्प बसते.

गेल्या रविवारी मी गच्चीवर गवती चहा आणायला गेले होते. परत येते तर करपल्याचा वास जिन्यापर्यंत आलेला. बारीक गॅसवरचं दूध आटून तळाला लागलं होतं. ओट्याकडे पाठ करून खाली बसलेल्या सासूबाई शांतपणे परात ढवळत होत्या. मी धावत जाऊन गॅस बंद केला. त्यांनी वळून काळं पातेलं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि परात बाजूला सारली.

"मला वास येत न्हाय," त्या म्हणाल्या. "तू दुपारी डबे उपसतीस ते बी म्हाईत हाय."

मग करता कशाला, मी विचारलं. आवाज जरा चढलाच माझा.

"तू एवढी मरमर करतीस माझं मन राखायला. तुला नको कसं म्हनू?" मग कानडीत पुटपुटल्या, "साकु." पुरे.

दया यायला हवी होती, पण मला आधी रागच आला. वर्षभर आम्ही दोघी एकमेकींसाठी राबत होतो आणि दोघींनाही ते नको होतं. मग मीही तिथंच फरशीवर बसले. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं.

कुर्डुवाडीला तूच सांग, त्या म्हणाल्या. मी बसल्या जागेवरून फोन लावला आणि सगळं सांगितलं. नणंदेचा आवाज मोठा, फोन कानाला लावला तरी खोलीभर ऐकू येतो.

"मग आई आता घरात करनार काय?" तिनं विचारलं.

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. कान त्यांचे अजून शाबूत आहेत.