ती वाचायला उठली की

राजुरीच्या पुढच्या एका गावात हायस्कूलला मी मराठी शिकवत होते. नव्वदनंतरची ती वर्षं. नववीच्या वर्गात धनगराची एक मुलगी होती. आईवडील दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे आणि ही मावशीकडे राहून शिकायची. वाचायची फार सुरेख. ती धडा वाचायला उठली की मागच्या बाकावरून हलकेच आवाज यायचा, "ब्यॅऽऽ." मग सगळा वर्ग तेच करायचा. मी रागावले, अंगठे धरायला लावले, वर्गाबाहेर काढलं. चार दिवस शांत जायचे, पुन्हा तेच. हेडमास्तर म्हणाले, "पोरं आहेत बाई, चालायचंच."

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. मी मावशीकडे गेले.

"आईसंगं कोकणात गेली," मावशी म्हणाली. "शाळेचं नाव काढलं की रडायची. काय झालं ते सांगत बी न्हाई."

मागच्या बाकावर खो-खोच्या संघाची कॅप्टन बसायची. मोठ्या बागायतदाराची लेक, धीट, एकही मुलगी तिच्या शब्दाबाहेर नसायची. शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घेतलं आणि समोर बसवलं.

"गंमत व्हती बाई. सगळीच करायची."

"सगळ्यांचं राहू दे. तू काय करायचीस?"

ती दप्तराचा बंद ओढत बसली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. मी आवाज चढवला नाही, पण विषयही सोडला नाही. एका संध्याकाळी ती खिडकीकडे बघत म्हणाली, "मीच सुरू करायची. ती वाचाय लागली की तुमी हातातलं पुस्तक खाली ठेवून ऐकत बसायचा. माझ्या येळंला कधी न्हाई ठेवलं."

मग ती हमसून हमसून रडली. मी रडू दिलं. पुढं काय करायचं ते तिनंच ठरवलं. दुसऱ्या दिवशी वर्गापुढे उभी राहून म्हणाली, "ती माझ्यामुळं शाळा सोडून गेली. हितून पुढं कुणी कुणाला असलं करायचं न्हाई."

मग मागून आवाज आला, "ब्यॅऽऽ."

तो तिच्यासाठी होता. वर्ग खो खो हसला. ती पडलेल्या चेहऱ्यानं जागेवर जाऊन बसली. पुढे कित्येक दिवस तिला ते ऐकावं लागलं. मैत्रिणी दुरावल्या. डबा एकटीच खायची. पण तिनं उलटून कुणाला काही केलं नाही, नि माझ्याकडे तक्रारही आणली नाही. मी त्या मुलांना एकेकाला बोलावून समोर बसवत होते, तेव्हा कुठे हळूहळू ते थांबलं.

उन्हाळ्यात मेंढरं परत आली. अवसरी बुद्रुकच्या बाजूला एका कांदा काढलेल्या वावरात त्यांचा मुक्काम आहे असं कळलं, तेव्हा कॅप्टन आणि मी एसटीनं गेलो. धनगराच्या मुलीनं आम्हाला लांबून ओळखलं. हातात कोकरू होतं, ते खाली ठेवलं नाही. गळ्यात नवी पोत होती. लग्न होऊन पंधरवडासुद्धा झाला नव्हता. तिच्या आईनं चुलीवर चहा ठेवला.

"माझं चुकलं," कॅप्टन म्हणाली. "तू ये परत. मी तुझ्या शेजारी बसन."

"आता कुठली शाळा," ती म्हणाली. रागावलेली वाटली नाही. "मावशीनं पुस्तकं दिली व्हती बरूबर. कोकणात एकदा एक काढलं वाचायला. पण तोंड उघडलं की मागनं तेच ऐकू येतं. रानात कुणी नसलं तरी."

"मग मी काय करू?"

"काय न्हाई. आलीस, चांगलं केलंस. चहा घे."

परतीच्या एसटीत नारायणगाव येईपर्यंत कॅप्टन खिडकीच्या गजावर कपाळ टेकून बसली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो हळूच बाजूला केला.

पुढं ती खरंच बदलली. दहावीत एक बोबडं बोलणारा मुलगा आला, त्याला कुणी हसलं की ही नुसती मागे वळून बघायची, आणि हसणारा गप्प व्हायचा.

दोन हजारनंतर कधीतरी जुन्नरच्या स्टॅण्डवर भेटली. कडेवर लेक. इकडचं तिकडचं बोलली आणि मग विचारलं, "बाई, तिचा काय ठावठिकाणा?"

मला माहीत नव्हतं. मावशीही गाव सोडून गेली होती.

"सगळी म्हणत्यात मी लई सुधारली," ती म्हणाली. "पण तिला त्याचं काय?"

तिची गाडी लागली. लेकीला सावरत ती गर्दीत शिरली.