धुतलेला कोळसा

फकीरभाई पत्रेवाल्यांच्या घरातून केळ्याची सालसुद्धा उकिरड्यावर जाते ती शेळीने नाकारली तरच. नवापुरात आमची दोन घरं एका भिंतीची. त्या भिंतीला त्यांनीच तेलाचा डबा कापून खिडकी बसवली आहे, त्यामुळे त्यांच्याकडे काय शिजतंय ते त्यांच्या बायकोच्या, अख्तरबानोच्या आधी मला कळतं. माणूस गोड. फुटक्या बादलीचं नरसाळं करील, नरसाळ्याचा दिवा करील, आणि दिवा गळायला लागला की तो मला भेट देईल.

अशा माणसाला जागृती वसावेने कोळशाच्या राखणीला बसवलं. बोकडाला मेथीची राखण, मी तेव्हाच म्हणाले होते.

जागृती धानोऱ्याची, सुरतेला शिकलेली. नाल्याच्या वरच्या अंगाला कापडावर पाणी ठरू न देणारा लेप चढवायचा कारखाना होता. तो बंद पडला, पण त्याचं पीफास नावाचं रसायन आमच्या बोअरमध्ये राहून गेलं. वास नाही, रंग नाही, चव नाही. जागृतीला प्रयोगशाळेत हातभर नळीत जे साधलं, ते तिने आमच्या वस्तीत दोन उंच टाक्यांत उभं केलं. बोअरचं पाणी टाक्यांतल्या कोळशातून जातं, रसायन कोळशाला चिकटतं, पाणी नळाला येतं. टाक्यांची झाकणं फकीरभाईंनी ठोकली, म्हणून देखरेखही त्यांच्याकडेच.

पहिला कोळसा बदलला तेव्हा ती त्यांना म्हणाली, "काका, पाण्यातलं सगळं आता यात आलंय. हे कुजत नाही, साध्या आगीत मोडत नाही. मोठ्या भट्टीत जाळायला न्यायची गाडी येईपर्यंत पोती कुलपात."

गाडी आली नाही. पोती वाढत गेली. पंगतीच्या कडेला उभ्या उपाशी पाहुण्यासारखे फकीरभाई रोज त्यांच्याकडे बघून यायचे.

"बाई, इतला महिना पाणीमा धुयेल कोळसा शे," ते खिडकीतून मला म्हणाले. "यानापेक्षा चोखा कोठे भेटी?"

"मंग दात घासा त्यानी. दोनच ऱ्हायनात, ते बी जातीन."

ते हसले. ते हसले की समजावं, ऐकलेलं नाही.

पौषात थंडी कडकली. अख्तरबानोने परसातल्या शेडात नवी पिल्लं आणली होती. त्यांच्या उबेसाठी कोळशाची बुखारी पेटवतात. घरचा कोळसा संपला, आणि कुलपाची किल्ली फकीरभाईंच्या कमरेला होती.

दुसऱ्या दिवशी मला उशिरा जाग आली. मला उठवायला पिल्लांचा चिवचिवाटच नव्हता.

अख्तरबानो दाण्याचं घमेलं घेऊन शेडाच्या दारात उभी. पिल्लं बुखारीजवळ नव्हती. लांबच्या भिंतीला एकावर एक चढून गेलेली, चोची उघड्या.

नवापुरात पिल्लं मेली की एकच शब्द फिरतो, बर्ड फ्लू. दुपारपर्यंत जनावरांचे डॉक्टर आले, नमुने गेले, आणि शेजारच्या दोधूच्या शेडामागे जेसीबी येऊन उभा राहिला. रिपोर्ट वाईट आला तर आसपासच्या सगळ्या कोंबड्या खड्ड्यात. जेसीबीवाल्याने रिपोर्टची वाट न पाहता खणायला घेतलं. अख्तरबानोच्या हातचा चहा कुणी घेईना.

मी खिडकीतून डोकावले. फकीरभाई बुखारीतली राख डब्यात भरत होते. बाजूला जागृतीची पिवळी पट्टी बांधलेलं पोतं.

"फकीरभाई," मी म्हणाले, आणि पोत्याकडे बोट केलं.

"सांगू ते पाणीनं मशीन बंद पडी," ते खालच्या आवाजात म्हणाले. "वस्ती परत तेच पाणी पिई. नही सांगू ते दोधूना कोंबड्या जित्या पुराई जातीन."

बाहेर लोखंडी पंजा दगडाला घासला. फकीरभाई डबा घेऊन उठले, थेट खड्ड्याच्या कडेला गेले आणि डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं.

संध्याकाळी जागृती आली. तिने राख पिशवीत बंद केली. "कोळशाने मेली की कोंडलेल्या धुराने, तपासल्याशिवाय सांगता येणार नाही," म्हणाली. मग बुखारीचं धुराडं कुठे उघडतं ते बघायला लागली. ते माझ्या पत्र्यावर उघडतं.

फ्लू निघाला नाही. दोधूच्या कोंबड्या वाचल्या. पण साहेब लोक आले, टाक्यांना सील लागलं, फकीरभाईंची किल्ली गेली. चौकशी चालू आहे. बायका पुन्हा बोअरवर हंडे लावतात. फकीरभाई शेजारी उभे राहून सांगतात, "पिऊ नका वो बहिनी." त्या मान हलवतात आणि हंडा उचलतात. मीही उचलते.

गाडी अजून आलेली नाही. परवा कोळशाच्या खोलीचं कुलूप तुटलेलं सापडलं, आणि एक पोतं कमी. कुणी नेलं, माहीत नाही. थंडी तर वाढतेच आहे.

आता पहाटे आम्ही दोघं शेडांतला चिवचिवाट ऐकायला डब्याच्या खिडकीला कान लावून उभे असतो, ते तिकडून, मी इकडून.

"दोधूना शेडमा आवाज चालू शे," ते सांगतात.

"तेना पल्याड परवेजना शेडमा बी," मी म्हणते.

त्यापुढची शेडं लांब आहेत. तिथलं इथे ऐकू येत नाही.